चढावर थांबणारी गाडी

गाडीचे इंजिन चालू होते आणि गाडी चालत नव्हती. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या सकाळी घाटीवर सारा वाडा लोटला होता.

केरीहून तुयेकडे जाताना जांभ्या दगडातून कोरलेला एक लांब चढ लागतो. चढाच्या मध्यावर वळण आहे आणि वळणाच्या थोडे खाली, आंब्याच्या सावलीत, राखणदाराची घुमटी आहे. गावाच्या सीमा राखणारा, अदृश्य चालणारा, हातात दांडा घेतलेला देव. आमच्याकडे त्याला विडी ठेवतात, नारळ ठेवतात, दारूचा शिंतोडा देतात, आणि अडलेनडले तर त्याच्यासमोर गाऱ्हाणे घालतात. त्या दिवशी घुमटीच्या वरच्या अंगाला एक पांढरी गाडी तोंड चढाकडे करून उभी होती. चाकांमागे दगड लावले होते. इंजिन गुरगुरत होते, पण चाक तसूभरही पुढे सरकत नव्हते.

"बघ मरे, ब्रेकार पाय ना, हँडब्रेक ना, तरी हलना!"

"कोणी तरी धरल्या ती."

"कोणी तरी म्हणजे? श्रीनाथान धरल्या. आनी कोण धरतलो?"

मोरजीकडे निघालेले एक गोरे जोडपे स्कूटर थांबवून पाहू लागले. त्यांना एका टॅक्सीवाल्याने घाईघाईने समजावले, "घोस्ट! ओल्ड ड्रायव्हर घोस्ट!" जोडपे हसले, फोटो काढले आणि निघून गेले. त्यांची स्कूटर चढ सहज चढून गेली, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

गर्दीच्या मधोमध सगुण भगत उभा होता. कमरेला पिवळे सोवळे, सोवळ्यात खोचलेला मोबाइल, कपाळावर भस्म आणि भस्माच्या वर ढकललेला काळा चष्मा. गावाचे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याचा नव्हे. तो चार-पाच वर्षांपूर्वी कुठून तरी येऊन घुमटीशेजारी झोपडी बांधून राहिला होता. पण बंद पडलेल्या वाहनांना तो चालवतो, अशी त्याची ख्याती झाली होती.

"आदी बॉनेट उघडा," तो म्हणाला. "राखणदाराक काळीज दाखवूक जाय."

बॉनेट उघडले.

"आता गाडी फिरवा. देवाक पाठ दाखवून कोणाचां भलां झालां ना."

माणसांनी खांदे लावले. गाडी ढकलत, वळवत तिचे तोंड उताराकडे, म्हणजे घुमटीकडे केले. इंजिन बंद झाले. सगुणने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सूर लावला.

"बा घाटयेच्या राखणदारा, चारय वेशींच्या धन्या! ह्या गाडयेक कोणाची दिष्ट लागली असात, कोणी वाट आडयली असात, कोणी गिअराचो दांडो धरून ठेयलो असात, कोणी मागच्या चाकाक मिठी मारली असात, तर तो हात सोडय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी एका आवाजात म्हणाली.

"पेट्रोलाची गाडी असात, डिझेलाची असात, हप्त्यार घेतलेली असात, रोखीन घेतलेली असात, सगळी तुजीच लेकरां रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणे लांबत गेले. ऊन आंब्याच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेले. शेवटी नारळ फुटला, आणि सगुणने चालकाच्या जागी बसलेल्या बाईला खूण केली. तिने किल्ली फिरवली, गिअर घातला. गाडी हलली. घुमटीपर्यंत आली, वळली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढ चढून दिसेनाशी झाली.

गर्दीतून आनंदाचा एक मोठा आवाज उठला. माझ्याशेजारी उभी असलेली माझी आई तोंडाला पदर लावून रडू लागली. "सोडलां त्याणें," ती म्हणत होती. "माज्या झिलान सोडलां."

गाडी चालवणारी बाई माझी वहिनी, सुविधा. आणि श्रीनाथ माझा थोरला भाऊ. तो जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

*

श्रीनाथदादा त्याच चढावर गेला. सकाळी एकटाच तुयेला निघाला होता. वळणाच्या आधी गाडी रस्ता सोडून कडेच्या जांभ्या दगडांवर चढली आणि मातीच्या बांधाला टेकून थांबली. पुढचा बंपर फुटला, एक दिवा फुटला. दादाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, गाडी थांबण्याच्या आधीच हृदय थांबले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. तो झोपल्यासारखा बसला होता आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्यानंतर माझ्या आत काहीतरी कापसासारखे भरून राहिले. मी डिचोलीच्या एका वाचनालयात काम करतो. रोज बसने जात होतो, पुस्तके कपाटात लावत होतो, परत येत होतो. लोक बोलत ते ऐकू येई, पण पाण्याखालून ऐकू यावे तसे. रडू आले नाही. रडू न येण्याचे वाईटही वाटले नाही.

वहिनी मूळची वेंगुर्ल्याकडची. तुयेच्या वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात, मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. तिच्या कामाच्या पाळीच्या वेळेला बस नसते. दादा असेपर्यंत दोघे एकत्र जात. दिवस-कार्य उरकल्यावर दुरुस्त होऊन आलेली गाडी ती स्वतः चालवू लागली. गाडी जुनी होती, दुसऱ्या हाताने घेतलेली, पायाने क्लच दाबावा न लागणारी, आपोआप गिअर बदलणारी.

आणि मग ती गाडी घाटीवर थांबू लागली. सकाळी घरून निघून थेट घाटी चढली तर नीट चाले. पण आधी बाजारहाटाला बरीच फिरून मग घाटी चढू लागली, की अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज वाढे आणि गाडीचा जीव जाई. आधी थोडी थरथर, मग नुसता आवाज. ज्या गॅरेजात बंपर बसवला होता तिथल्या मेस्त्रीने छोटे यंत्र लावून पाहिले.

"यंत्रान काय्यच दाखवना," तो म्हणाला. "गाडयेत दोष आसलो जाल्यार स्क्रीनार येतलो मगे? गाडी निर्दोष. दुसरां काय तरी आसा. सगुणाक दाखयात."

यंत्रावर दिसत नाही, म्हणजे गाडीत नाही. गाडीत नाही, म्हणजे देवाकडे. विचाराची ही उडी आमच्याकडे इतकी सवयीची झाली आहे, की ती उडी आहे हेही कोणाला जाणवत नाही. मलाही जाणवले नाही.

खरे सांगायचे तर मला ती उडी हवीशी वाटत होती. पहिल्यांदा मी वहिनीच्या शेजारी बसलेलो असताना गाडी थांबली, तेव्हा दोन महिन्यांत प्रथमच माझ्या छातीत काहीतरी हलले. दादा लहानपणी सायकलचे मागचे चाक असेच धरून ठेवायचा. मी पेडल मारत राही, तो हसत राही. मी मागे वळून पाहिले. मागच्या सीटवर ऊन पडले होते.

*

दुसरी गोष्ट अंगणात दिसली. शेणाने सारवलेल्या अंगणात, गाडी उभी राहायची तिथे, लाल ठिपके पडलेले होते. गडद, चमकदार, रक्तासारखे. रस्त्याच्या तांबड्या मातीत ते कधी दिसले नसते.

आईने ते पाहिले आणि सगुणला बोलावून आणले. तो बराच वेळ ठिपक्यांकडे पाहत राहिला. मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"माये, हां रगत," तो म्हणाला. "तुजो झील गाडयेतसून देंवूक ना. थंयच आसा. त्येका मुक्ती जाय. आनी त्येची बायल रोज त्येच्या जाग्यार बसता, स्टेरिंगार हात घालता. त्येका ताप जाता. म्हणान तो रगत गाळता."

"मागीर आता काय करूया, बाबा?" आईने विचारले.

"वर्षश्राद्धापर्यंत गाडी राखणदाराच्या दारात उभी करची. माजो भाचो तिची देखरेख करतलो, अधनंमधनं चलयतलो, नाय जाल्यार बॅटरी मरता. आनी बायेन चाकार बसचां न्हय. हे गाडयेच्या न्हय, खंयच्याच."

त्याचा भाचा मोरजीला पर्यटकांची ने-आण करतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. कोणीही दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. येत्या सोमवारी गाडी द्यायचे ठरले.

त्या दिवसापासून आई रोज सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराकडून एक पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, जास्त घेऊ लागली. दादाला ती गरम पोई आवडायची. आई ती कागदात गुंडाळून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवी, दार हळूच लावी. संध्याकाळी कडक झालेली पोई ती गाईला घाली. तिच्या चेहऱ्यावर या काळात पहिल्यांदाच थोडे तेज आले होते. तिला रोज सकाळी करायला काहीतरी होते.

वहिनीचे मात्र सगळेच जाणार होते. गाडी नाही म्हणजे पाळी नाही, पाळी नाही म्हणजे नोकरी नाही. तिने आईला एकदाच विचारले, "आई, मी काय करू मग?"

"घरा बस," आई म्हणाली. रागाने नव्हे. "तो थंय आसा, सुविधा. तुका कित्या कळना?"

 स्वयंपाकघरात जाऊन वहिनीने भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज थांबला आणि तिने मला हाक मारली.

"भावजी, जरा भायर येवा."

तिने कारखान्यातून आणलेला पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा गाडीखाली सरकवून ठेवला होता. तो बाहेर ओढून तिने माझ्यासमोर धरला. त्यावर लाल थेंब होते.

"हो पुठ्ठो मी परवा ठेयलेलो. बोट लावून बघा."

मी बोट लावले. तेलकट, निसरडे. कसलासा करपट वास.

"रगत वाळता," ती म्हणाली. "काळा पडता. ह्या दोन दिसांनी पण ओलाच असा." मग तिचा आवाज अगदी सपाट झाला. "आणि भावजी, तेंच्या आंगार रगताचो एक थेंब नव्हतो. आता खयसून येतलो?"

मी पुठ्ठ्याकडे पाहत राहिलो. माझ्या आत कुठेतरी एक दार अलगद बंद होत असल्यासारखे वाटले. ते उघडे राहावे, असे म्हणण्याइतकेही बळ माझ्यात नव्हते.

*

ज्या प्रयोगशाळेत वहिनी काम करते, तिथे एक सवय लावतात: शंका आली तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. घाटीवर तर सगळ्याच गोष्टी एकदम घडत होत्या. बॉनेट उघडले जाई, गाडी वळवली जाई, वेळ जाई, नारळ फुटे. मग गाडी चाले, आणि श्रेय नारळाला मिळे.

"राखणदार ह्या घाटयेचो," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या चढार तो येवचो नाय. मग थंय गाडी थांबता काय बघूया."

रविवारी दुपारी आम्ही दोघे निघालो. तिने आधी गाडी बरीच फिरवून चांगली तापवली आणि मग मोरजीच्या अंगाला, काजूच्या बागेतून वर जाणाऱ्या एका आडवाटेच्या चढावर घातली. तिथे घुमटी नाही, दगड नाही, कोणाच्या नावाचे झाडही नाही. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज वाढला, थरथर झाली आणि गाडी उभी राहिली.

"थांबली," मी म्हणालो.

"थांबली," ती म्हणाली.

तिने इंजिन बंद केले. मी उतरून चाकांमागे दगड लावले आणि परत येऊन बसलो. कोणी देवाचे नाव घेतले नाही. पुढच्या काचेतून काजूची वाळकी पाने आणि आभाळाचा एक तुकडा दिसत होता. आमच्या दोघांच्या मध्ये, सीटच्या फटीत, त्या सकाळच्या पोईचा चुरा पडला होता. वहिनीने एकदा गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या दांड्याची मूठ दादाच्या हाताने झिजून गुळगुळीत झाली होती. दादा गेल्यापासून आम्ही दोघे इतका वेळ एके ठिकाणी बसलो नव्हतो.  

गाऱ्हाणे संपायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ गेल्यावर तिने किल्ली फिरवली. गाडी मुकाट्याने चढू लागली.

"व्हय म्हाराजा," वहिनी हळूच म्हणाली. ती थट्टा होती. हसावे हे मला जरा उशिरा सुचले.

घरी आल्यावर तिने म्हापशाच्या एका गॅरेजला फोन केला. अशा आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांचेच काम तिथे करतात. पलीकडच्या माणसाने लक्षणे ऐकून एवढेच विचारले, की गाडीखाली लाल ठिपके पडतात का. मग त्याने काय पाहायचे, कोणते तेल आणायचे, ते सांगितले.

*

सोमवारी घाटीवर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती. सगुणने घुमटीवर झेंडूची माळ चढवली होती. त्याचा भाचा नवा शर्ट घालून आला होता आणि किल्लीची वाट पाहत होता. आई पोई घेऊन आंब्याखाली उभी होती.

वहिनीने मुद्दाम कोरगावापर्यंत फेरी मारून गाडी तापवून आणली होती. मी तिच्या शेजारी होतो. नेहमीच्या जागी, घुमटीच्या वरच्या अंगाला, गाडी थांबली. मी उतरून चाकांमागे दगड लावले.

"बघलात?" सगुण ओरडला. "शेवटच्या दिसाक पण सोडूक तयार ना! बॉनेट उघडा, गाडी फिरवा!"

"नको," वहिनी खिडकीतून म्हणाली. "बॉनेट बंदच र्‍हवांदे. गाडी अशीच उभी र्‍हवांदे. गाऱ्हाणां आत्ताच घाला, आणि गाडी आत्ताच चलांदे."

"तशी पद्धत ना, बाये."

"देवाक गाडयेचा तोंड खयच्या बाजूक असा, ह्या बघूक लागता काय?"

गर्दीत कोणीतरी खुदकन हसले. सगुणने नाइलाजाने नारळ उचलला. "बा घाटयेच्या राखणदारा..." लोक व्हय म्हाराजा म्हणाले. वहिनीने गिअर घातला. इंजिन गरजले. चाक हलले नाही. दुसरे कडवे झाले, तिसरे झाले. दर खेपेला लोकांचा होकार जरासा बारीक होत गेला आणि दर खेपेला गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली.

"देव रागावलो आसा!" सगुण म्हणाला. "बायलमाणूस चाकार बसलां म्हणान!"

"आणि मागच्या खेपेक कोण बसलेला?" वहिनीने विचारले. "मीच बसलेलंय ना?"

यावर मात्र लोक मोठ्याने हसले. सगुणने घाम पुसला. "तोंड फिरवूक जाय. फिरवल्याबगर जावचां ना."

"फिरवूया तर. पण आता गाऱ्हाणां नको, नारळ नको. कोणी काय बोलू नका."

माणसांनी खांदे लावले. गाडीचे तोंड उताराकडे झाले. सगळे गप्प झाले. इतके गप्प, की आंब्यावरचा पोपट फळ कुरतडतो आहे ते ऐकू येत होते. वहिनीने पाय ब्रेकवर ठेवला, गाडी पूर्ण थांबवली, मागे जाण्याचा गिअर घातला आणि ब्रेक सोडला. गाडी चढाच्या दिशेने, उलटी, हळूहळू वर सरकली. उताराने ती खाली घरंगळली असे म्हणायची सोय तिने कोणाला ठेवली नव्हती. देवाचे नाव कोणी घेतले नव्हते. गाडी चालली होती.

मग तिने गाडी घुमटीसमोरच्या सपाट जागेवर आणली आणि आम्ही बॉनेट उघडले. मी गिअरबॉक्सचे तेल मोजायची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा घालून काढली. तिच्या टोकाला तेलाचा जेमतेम ओलावा होता. वहिनीने पिशवीतून बाटली काढली, नरसाळे लावले आणि ओतायला सुरुवात केली. बाटलीतून लालभडक तेल पडू लागले.

"आगे, हां तेंच तांबडां!" पुढे उभी असलेली एक म्हातारी ओरडली. "रगत आता बाटलयेत मेळता?"

वहिनीने न थांबता, ओतता ओतता सांगितले. प्रयोगशाळेत नव्या माणसाला सांगावे तसे, सावकाश. या गाडीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते ती या तेलाच्या दाबाने. हे तेल गळून कमी झाले आहे. सपाटीवर असते तेवढे पुरते. पण गाडीचे तोंड चढाकडे झाले की उरलेले तेल मागे धावते, आणि ज्या तोंडातून पंप तेल ओढतो ते तोंड उघडे पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तापलेल्या तेलाचा फेस होतो, तो वेगळाच. मग इंजिन ओरडते आणि चाकाला काही कळत नाही. गाडीचे तोंड खाली केले, की तेल परत पंपाशी येते. वेळ दिला, की फेस बसतो, वर चढलेले तेल खाली निथळते. "घुमटयेकडे तोंड करा म्हणजे उताराकडे तोंड करा," ती म्हणाली. "आणि गाऱ्हाणां म्हणजे थांबणां."

"मागीर माजी टेम्पो कशी चलली?" एका भाजीवाल्याने विचारले. "तिका खंय तेल जाय?"

"तुमच्या टेम्पोक क्लच असा. जास्त माल भरून, अर्धो पाय क्लचार ठेवन चढ चढलास, तर तो तापता आणि घसरता. वास येता ना करपल्याचो? थंड झालो की जरासो धरता. पण झिजता तो झिजताच. एक दिवस नारळ फोडून पण धरूचो नाय."

बाटल्या संपल्या. वहिनीने पट्टी पुन्हा पाहिली, बॉनेट लावले, गाडी चढाच्या पायथ्याशी नेली, वळवली आणि आली. घुमटीशी वेग कमी केला नाही. वळणावर थरथर झाली नाही. गाडी, तापलेलीच, आमच्यासमोरून वर निघून गेली, आणि तिचा आवाज पठारावर पुसट होत गेला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चमत्कार पाहताना लोकांना जसा आवाज फुटतो, तसा तो मोडताना फुटत नाही. भाचा नव्या शर्टाच्या बाह्या दुमडत आपल्या मोटारसायकलीकडे गेला. सगुणने फोडलेल्या नारळाच्या वाट्या गोळा केल्या. पूर्वी तो खनिजाच्या ट्रकांवर क्लीनर होता, तापलेले वाहन विसाव्याने पुन्हा चालते हे त्याने तिथेच पाहिले होते, असे कोणीतरी नंतर सांगितले. त्याला कोणी बोलले नाही, मारले तर नाहीच. 

*

वहिनी परत आली तेव्हा मी गाडीखाली सरपटत गेलो. मोबाइलच्या उजेडात गिअरबॉक्सचे तेल थंड करण्यासाठी पुढे नेणारी बारीक नळी दिसली. एके ठिकाणी ती आत दबलेली होती आणि दबल्या जागी बारीक चीर गेली होती. चिरेतून एक थेंब जमत होता. दबलेल्या खोलगट भागात अजून जांभ्याची तांबडी पूड अडकली होती.

मी बाहेर आलो. आई माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातात अजून पोई होती.

"काय आसा थंय?" तिने विचारले.

"एक नळी चेपल्या, आई. त्या दिसा गाडी दगडांवर चढली तेव्हा. तिथून तेल गळतां."

"त्या दिसापासून?"

"व्हय."

"बंपर बदललो. दिवो बदललो." ती शब्द मोजल्यासारखी म्हणाली. "आनी खाला कोणी बघूक ना?"

"कोणी बघूक ना."

ती आंब्याखालच्या दगडावर बसली.  मग ती माझ्याकडे न पाहता बोलू लागली. "छातीत जळजळता म्हणालो तो. हात दुखता म्हणालो. आठवडोभर म्हणालो." तिने पोई एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी मीठ-मिरशेनी दिष्ट काडली. तडतडल्यो मिरश्यो. माका बरां वाटलां."

वहिनी तिच्याशेजारी जाऊन बसली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. गाडीखालून एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

*

म्हापशाच्या गॅरेजात नळी बदलली, तिच्या जोडावरचे वॉशर बदलले, करपलेले तेल पूर्ण काढून नवे भरले, आतली गाळणी बदलली. अजून थोडे दिवस तशीच ओढली असती तर आतल्या चकत्या जळून सगळा गिअरबॉक्स गेला असता, असे तिथला माणूस म्हणाला. त्याने जुनी नळी मला हवी का विचारले. मी ती हातात घेऊन पाहिली. दादाने या जगात केलेली शेवटची खूण ती. पण ती खूणच होती, दादा नव्हता. मी ती परत दिली.

सगुण अजून घुमटीशेजारी राहतो. परवाच एक लादलेली पिकअप तिथे उभी होती आणि दहा-बारा माणसे व्हय म्हाराजा म्हणत होती. मला नवल वाटले नाही. राखणदाराला विडी ठेवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. माझी आई अजून ठेवते. मला एवढेच सांगायचे आहे, आणि हे सांगायला मला फार वेळ लागला: गाडी थांबली तर आधी वाकून खाली पाहा. तेल किती आहे, कोणत्या रंगाचे आहे, करपले आहे का, कुठून गळते आहे, ते पाहा. यंत्राने दाखवले नाही, म्हणजे ते नाही, असे समजू नका. माणूस छातीत जळजळते म्हणाला तर त्याला गाडीत घाला आणि डॉक्टरकडे न्या. हात जोडायला नंतरही वेळ मिळतो. पाहायला मिळत नाही.

पहिल्या दिवशी दुरुस्त गाडीतून आम्ही तिघे तुयेला निघालो. आई पुढे बसली, जिथे ती पोई ठेवायची तिथे. मी मागे होतो. घाटी आली तशी आईने दाराची कडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. ती वाट पाहत होती, हे मला कळले, कारण मीही पाहत होतो. घुमटी गेली. वळण गेले. गाडी थांबली नाही. वर पठारावर वाऱ्याने गवत एका बाजूला झोपले होते.

आईने डोळे उघडले. कागद सोडवून पोईचे तीन तुकडे केले आणि एक मागे, माझ्याकडे धरला.

"खा रे सिद्धेश," ती म्हणाली. "गरम आसा तोपर्यंत."